सुंदरामावशी आणि थाळीवरचा शिपाई

सुंदरामावशी कुणाच्याही घरात शिरली की आधी वर बघायची. माणसांकडे नंतर. आढं, पत्रा, पंख्याचा हूक, भिंत आणि छत भेटतात तो कोपरा, सगळं नजरेखालून घातल्यावर मग तिला "बरं हाय का गं?" असं विचारायची आठवण व्हायची. माझ्या शिवणकामाच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा मी गळ्यात मापाची फीत अडकवून उभी, आणि ही बाई माझ्या डोक्यावरच्या पत्र्याकडे बघत विचारतेय, "ह्याच्यावर धोंडे हायत का?" मला वाटलं, डोक्यानं गेलेली दिसते. "हायत की," मी म्हणाले, "काहून, पायजेत का तुमाला?" ती झटकन उंबऱ्याबाहेर सरकली आणि ब्लाउजचं माप तिनं भर उन्हात उभं राहून दिलं.

हे धोंड्यांचं प्रकरण बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्या शिरड शहापूरला पुष्कळ घरांवर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर धोंडे. उन्हाळ्यात वावटळ सुटली की कडेच्या पत्र्याखाली वारं शिरतं आणि पत्रा उडतो. म्हणून ज्याला जसा मिळेल तसा धोंडा त्याने वर चढवायचा, ही जुनी रीत. आणि इकडे गेली काही वर्षं जमीन गुरगुरते. आधी लांबून आवाज येतो, डंपरमधून खडी ओतावी तसा. मग मांडणीवरची भांडी किणकिणतात, पायाखालचं काहीतरी सरकल्यासारखं होतं, आणि संपतं. लोक धावत रस्त्यावर येतात, एकमेकांना "तुला कळलं का? मला कळलं!" असं सांगतात आणि हळद शिजवायच्या गडबडीत विसरूनही जातात. मावशी विसरायची नाही. तिच्या दृष्टीनं एक धक्का संपला म्हणजे पुढचा निघाला.

तसं तिला सगळ्याचंच भय. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ती स्वयंपाकघराबाहेर. वीज चमकली की विळी, सांडशी, उलथनं सगळं टोपल्याखाली. माझ्या घरी यायची तेव्हा माझ्या सासूबाईंना खुर्चीसकट तुळईखालून ओढून दाराशी बसवायची. सासूबाई वैतागायच्या, मी हसायची. मी अशी फटकळ, मी तिला तोंडावर म्हणायची, "मावशी, तू भ्यायलाच जन्माला आलीस बघ." ती अजिबात रागवायची नाही. "व्हय माय," म्हणायची, "भेते म्हून तर जिती हाय. तू बी जरा भेत जा, काय बिघडतंय?"

पण तिचं खरं भय एकच होतं, आणि ते आतल्या खोलीत बाजेवर पडलेलं होतं. तिचा नवरा, आप्पा. उंचापुरा, मिशाळ माणूस. अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू कायमची पडली. जीभ मात्र शाबूत, आणि ताठाही. एका वादळात त्यांच्या घराचे पत्रे उडून लांब हळदीच्या रानात जाऊन पडले होते. त्यानंतर आप्पांनी विहिरीच्या खोदकामातले काळे धोंडे आणून स्वतः वर रचले होते, एकेक असा की दोन माणसांनी धरावा. ते बरोबर आप्पांच्या बाजेवरच्या पत्र्यावर आणि पुढे ओसरीवर. कुणी "काढा" म्हटलं की आप्पा खवळायचे. "ते धोंडे हायत म्हून घर हाय! कोन चढतंय वर, बघतोच मी!" बघणार कसे, ते उठू शकत नव्हते. पण मावशी त्यांच्या रागालाही भ्यायची.

मावशीचा एकुलता एक गजू पुण्यात कंपनीत. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र टेबलावर लढाई खेळतात. लहान लेकरं नव्हेत, चांगले दाढीमिशांचे बाप्ये! बोटाच्या दोन पेरांएवढे प्लॅस्टिकचे शिपाई, घोडेस्वार, राक्षस दोन्हीकडे मांडायचे, फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजून फौज पुढं सरकवायची. गजूचा हात चांगला, म्हणून लोक आपले शिपाई त्याच्याकडे रंगवायला देऊ लागले. हळूहळू काम इतकं वाढलं की शेवटचा हात फिरवायला त्याला सवड होईना. शेवटचा हात म्हणजे शिपायाच्या पायाखाली चकती चिकटवायची, चकतीवर माती, गवत, दगड असं रान उभं करायचं आणि रंग टिकावा म्हणून वरून पातळ थर द्यायचा. चकतीला गजू बेस म्हणायचा, मावशी बूड. गजूनं ते काम आईकडे पाठवलं, आणि त्याचं बराबर होतं. अख्ख्या शिरडात कुणाचं लग्न निघालं की रुखवताला मावशीच्या हातचे गव्हले लागायचे. भिजवलेल्या पिठाचा गव्हाच्या दाण्याहून बारीक कण ती दोन बोटांत वळायची, सगळे एकासारखे एक.

पहिला खोका उघडला तेव्हा मी तिथंच होते. मावशीनं एक शिपाई चिमटीत धरला, तोंडाजवळ नेला आणि टाकूनच दिला. "अगं बाई! डोळे बघ मेल्याचे, कसा वटारून राह्यला!" मग तिनं सगळ्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली आणि पाठमोऱ्या फौजेचं काम सुरू केलं. पुढंसुद्धा शेवटपर्यंत तिची ही सवय गेली नाही. राक्षसाच्या पायाशी गवत लावायचं तर ती त्याच्या तोंडावर माझ्याकडची चिंधी टाकायची, आणि मग निवांत काम.

घरातलं काय काय त्या कामाला लागलं! बुडाला माझ्या दुकानातली कोटाची जुनी बटणं. वर आगकाडीनं फेव्हिकॉल पसरायचा आणि पिठाच्या चाळणीतून गाळलेली वाळू भुरभुरायची. चहाचा चोथा उन्हात वाळवला की पाचोळा. अंड्याची टरफलं चुरली की फरशी. जुन्या ब्रशचे केस झुपक्यानं लावले की वाळलेलं गवत. कोऱ्या चहाचा काढा करून त्यात रंग कालवायची आणि तो शिपायाच्या अंगावरून सोडायची. तो घडीघडीत साचला की कपडे खरे वाटायचे. तलवारीला तेवढी नखपॉलिश, बिनरंगाची. बाकीच्या अंगाला चकाकी नको म्हणून पाण्यासारखा पातळ केलेला फेव्हिकॉल.

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली. वाळू खरखरते, हाताला लागते म्हणून तिनं रवा वापरला, तोही साजूक तुपाच्या हातानं. दिसायला झकास दिसलं. पंधरवड्यानं गजूचा फोन, "आई, भर लढाईत फौजेत मुंग्या शिरल्या! सगळे टेबल सोडून पळाले." मी हसून हसून आडवी. मावशी घाबरी होऊन विचारतेय, "कुणाला चावल्या का रं?" तेव्हापासून वाळू, तीही धुऊन, तव्यावर भाजून.

दुसरी अडचण कुऱ्हाडवाल्याची. दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर उगारलेला शिपाई बटणावर चिकटवला तरी कलंडायचा. मावशी त्याच्यापुढे बराच वेळ बसून राहिली. मग मला म्हणाली, "मंदे, ह्याचं समदं वजन वर हाय. वजन बुडाला पायजे, डोक्यावर न्हाई." वेल्डिंगवाल्या इस्माईलभाईंकडून तिनं लोखंडी वायसर, नटाखालच्या चकत्या, आणले आणि बटणाखाली एकेक लावला. कुऱ्हाडवाला तसूभर हलेना. "वजन बुडाला पायजे," ती परत म्हणाली आणि तिची नजर वर पत्र्याकडे गेली. त्या वेळी मला त्यातलं काही कळलं नाही.

एका दुपारी मी बटणं द्यायला गेले होते. ओसरीत थाळ्यात अर्धे शिपाई बूड लावून वाळत होते, अर्धे तसेच पायांवर उभे. तेवढ्यात लांबून खडी ओतल्यासारखा आवाज आला.  कितीही वेळा ऐका, त्या आवाजाची सवय होत नाही. मांडणी किणकिणली. थाळ्यातले बिनबुडाचे शिपाई सगळे एका दमात आडवे झाले, बूडवाले उभेच. वर पत्रा कुरकुरला आणि एक धोंडा थोडासा सरकल्याचा घरघर आवाज आम्ही दोघींनी ऐकला. मावशीनं माझं मनगट धरलं होतं. तिचा हात घामानं ओला, आणि नजर आतल्या खोलीच्या दाराकडे. आतून आप्पा म्हणाले, "थांबलं का?" त्यांचा आवाज बारीक झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं कामातला एक कुऱ्हाडवाला बाजूला काढला. गजूला फोन करून एक कमी पाठवते म्हणून सांगितलं. त्या शिपायाचे दोन्ही तळवे तिनं कानशीनं इतके घासले की तो कसाबसा उभा राहावा, त्याहून जास्त नाही. मग फळीवर स्टीलची थाळी उपडी घातली आणि तिच्यावर त्याला उभं केलं. बाकीच्यांना पक्कं बूड द्यायला तिनं जेवढी मेहनत घेतली, तेवढीच ह्याला न देण्यात घेतली. "हा आपल्याहून भित्रा हाय," ती म्हणाली. "आपल्या आधी ह्याला कळंल."

आणि कळायचं! शिपाई पडून थाळी ठण्ण वाजायची, आम्हाला काहीच जाणवलेलं नसायचं, आणि दुपारी मोबाइलवर बातमी यायची की सकाळी हलकासा धक्का बसला. अर्थात पाल पळाली तरी ठण्ण, मांजर उडालं तरी ठण्ण, वाळूचा ट्रक गेला तरी ठण्ण. दर वेळी मावशी हातातलं टाकून आत धावायची आणि आप्पांना गोधडीवर लोटून दाराकडे ओढायला लागायची. आप्पा शिव्या घालायचे, "मी काय पोतं हाय का?" ती निम्म्या वाटेत दमून बसायची. अंगणात झोपवते म्हटलं तर ते आणखी भडकायचे, "ढोर हाय का मी, अंगणात बांधायला?" एकदा मी समोर असतानाच असं झालं. मावशी भिंतीला टेकून धापा टाकत होती आणि रडत होती. "शिपाई सांगंल गं," ती म्हणाली, "पर ह्यांना उचलंल कोन? ते धोंडेच काढाय पायजेत." त्या दिवशी मी तिला भित्री म्हणाले नाही. मलाच वर बघवेना.

आप्पांना सांगून उपयोग नव्हता. मग तिनं सांगितलंच नाही, करून दाखवलं. औषधाच्या खोक्यांच्या भिंती केल्या. तेलाच्या डब्याचं झाकण कापून वर पत्रा घातला, त्यावर अंगणातले खडे रचले. आत आगपेटीची बाज, बाजेवर माझ्या दुकानातल्या चिंधीची गोधडी आणि गोधडीत एक शिपाई. त्याची तलवार तिनं कापून टाकली होती आणि त्याला मिशा रंगवल्या होत्या, थेट आप्पांच्या. हे सगळं थाळ्यात मांडून तिनं आप्पांच्या डाव्या हाताशी ठेवलं. मी दारात उभी होते. 

"ठोका थाळ्याला," ती म्हणाली.

"काहून?"

"ठोका तर."

आप्पांनी बोटाच्या पेरानं ठोकलं. खडे हलले. "आजून जोरात," मावशी म्हणाली. आप्पांनी मूठ मारली. झाकण तिरपं झालं आणि खडे गडगडत आत गेले. आगपेटी दबली. मिशीवाला शिपाई गोधडीसकट खाली.

आप्पा बघत राहिले. आता थाळा भिरकावतात की काय, असं मला वाटलं. मावशीनं तर डोळेच मिटून घेतले होते. आप्पांनी डाव्या हातानं एकेक खडा बाजूला केला, शिपाई काढला, चिमटीत धरून उजेडाकडे केला. "मिशा बराबर काढल्यास," ते म्हणाले. मग तोंड भिंतीकडे करून, "इस्माईलला बलाव."

इस्माईलभाई दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आले. आतल्या खोलीवरचे सगळे धोंडे दोरानं बांधून एकेक करत खाली सोडले, पत्र्याला हूक मारून नट आवळले, वरून स्वतः नाचून दाखवलं. "चाची, अब आंधी येऊ द्या नाहीतर काही येऊ द्या, पत्रा हलणार न्हाई." तेवढ्यात हूक संपले आणि दिवसही कलला. ओसरीवरचे धोंडे तसेच राहिले. इस्माईलभाई म्हणाले, "वारंग्याहून हूक आणतो, उद्या बाकीचं." आधी कुठली बाजू करायची ते मावशीनंच सांगितलं होतं. ती स्वतः दिवसभर ओसरीत बसते, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी मी बटणांची पिशवी घेऊन त्यांच्या फाटकाशी पोचले होते. मावशी ओसरीत, पुढ्यात घोडेस्वार, हातात चाळणी. मला बघून हसली. आणि थाळी वाजली, ठण्ण.

मग आवाज आला. तो नेहमीचा लांबून येणारा नव्हता. तो आमच्याच पायाखालून आला. फाटक हातात थडथडायला लागलं, समोरच्या लिंबावरचे पक्षी एकदम उडाले. मावशी उठलेली मला दिसली. तिच्यापासून अंगण चार पावलांवर, मोकळं. मी ओरडले, "मावशी, भायेर ये! भायेर!" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. आणि पाठ फिरवून ती घरात पळाली. माझे पाय मला रस्त्यावर घेऊन गेले. मागे धाडधाड आवाज झाला, आणि ओसरी धुळीत दिसेनाशी झाली.

धूळ बसेपर्यंतची ती वेळ मला आठवायला नको वाटते. इस्माईलभाई धावत आले. ओसरीचा पत्रा वाकून खाली आला होता आणि काळे धोंडे मावशीच्या बसायच्या जागेवर पडले होते. चाळणी चपटी झालेली. घोडेस्वार कुठं आहेत तेही कळेना. मी "मावशी, मावशी" करत होते आणि माझा आवाज माझ्याच कानांना ओळखू येत नव्हता. इस्माईलभाईंनी पत्रा उचलून धरला, आम्ही वाकून आत शिरलो.

आतल्या खोलीचा पत्रा जागच्या जागी होता. बाजेवर आप्पा, आणि आप्पांच्या डोक्याछातीवर पालथी पडलेली मावशी. दोन्ही हातांनी बाजेचे गाते, म्हणजे कडेचे दांडे, घट्ट धरलेले. ते सोडवताना इस्माईलभाईंना तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. दोघंही सुखरूप. आप्पा रडत होते आणि खेकसत होते, "उठ की आता, गुदमारतंय मला!"

तिला अंगणात आणून पाणी पाजलं.  मला राग आला होता, भीतीनं येतो तसला. "मावशी, जन्मभर भेत आलीस," मी जवळजवळ ओरडलेच, "आन् आज भ्यायचं तर आत काहून पळालीस? भायेर पळायचं न्हाई का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "भेले म्हूनच तर आत पळाले गं," ती म्हणाली.

त्यानंतर आप्पा वर्षभर जगले आणि झोपेत गेले, धड छपराखाली. गजू आईला पुण्याला घेऊन गेला. निघताना तिनं तो कुऱ्हाडवाला चिंधीत गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुझी सासू आता आंथरुनाला हाय," म्हणाली, "तुला लागंल. बूड लावू नको बरं का." गाडीत बसतानाही आधी तिनं गाडीचं छत बघितलं. पुण्यातल्या उंच इमारतीत ती दोन वर्षं राहिली. फोनवर सांगायची, "वर बघितलं तर दुसऱ्याचं घर, त्याच्याही वर आनखी कुनाचं. किती भ्यावं माणसानं!" मग एका तापात ती गेली. मला निघायलाही वेळ मिळाला नाही.

महिना झाल्यावर गजू घर बंद करायला आला, तसा माझ्याकडेही आला. बोलता बोलता त्याची नजर फळीवर गेली. उपडी थाळी, वर आईच्या हातचा कुऱ्हाडवाला. "हा अर्धवटच राहिला की, ताई," तो म्हणाला. डोळे भरलेले. "द्या, मी बूड लावून देतो."

"हात लावू नको त्याला," मी म्हणाले, आणि तेवढ्यात थाळी वाजली.

मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही, कारण केलाच नाही. दार माझ्या शेजारी होतं, उघडं. मी आत पळाले, सासूबाईंच्या खाटेशी, आणि त्यांच्या अंगावर ओणवी झाले. त्या "काय गं, काय झालं?" करत होत्या. बाहेर रस्त्यावरून वाळूचा ट्रक घरघरत निघून गेला, आणि सगळं शांत झालं.

बाहेर आले तर गजू तिथंच उभा, चेहरा पांढरा. "ताई," तो म्हणाला, "दार तर इथं होतं. तुम्ही आत का पळालात?"

मी खाली पडलेला शिपाई उचलला आणि थाळीवर परत उभा करायला लागले. ट्रक कधीच लांब गेला होता, तरी माझ्या हातून तो काही केल्या उभा राहीना.